पावसाची ‘सरासरी’ का बदलते?
नवी दिल्ली : मोसमी पाऊस ‘सामान्य’ आहे की नाही, हे भारतीय हवामान विभाग पन्नास वर्षांच्या सरासरीवरून ठरवतो. जून ते सप्टेंबरची देशव्यापी सरासरी १९६१-२०१० या काळासाठी ८८०.६ मिलिमीटर होती. २०२२ मध्ये १९७१-२०२० ची ८६८.६ मिलिमीटर सरासरी स्वीकारण्यात आली. त्यामुळे पूर्वी सरासरीहून कमी ठरणारा ८७० मिलिमीटर पाऊस आता किंचित अधिक ठरतो. ओल्या-कोरड्या दशकांच्या नैसर्गिक आवर्तनामुळे ही घट झाल्याचे विभागाने म्हटले होते. आवर्तन कोणते आणि कायमचा बदल कोणता, हे मात्र शतकभराच्या सलग नोंदींतूनच उलगडते. १९०१ पासूनच्या तापमान नोंदींत २०२४ हे सर्वाधिक उष्ण वर्ष ठरले. पीकनियोजन आणि धरणांतील पाण्याचे गणित अशा नोंदींवरच अवलंबून असते.