महाविजिताचे भांडवल आणि गिरणगावाची जमीन

देशाची अर्थव्यवस्था वाढत आहे, असे आपण नित्य ऐकतो. ती कोणासाठी वाढते, हे लालबाग-परळच्या रहिवाशांस ग्रंथांतून शिकावे लागत नाही.

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात महाविजित राजाची कथा आहे. राज्यात दरोडेखोर माजले असता राजास महायज्ञ करावयाचा होता. पुरोहिताने बजावले की, अशा वेळी नवा कर बसविणे अनुचित होय. वध, बंधन व दंड यांनीही उपद्रव मुळातून जाणार नाही. शेती व गोरक्षण करणाऱ्यांस बीज व अन्न, व्यापाऱ्यांस भांडवल, राजसेवकांस अन्न व वेतन द्यावे. भांडवलासाठी येथे ‘पाभत’ हा पालि शब्द आला आहे. राजाने तसे केले. लोक आपापल्या कामास लागले आणि मग राजकोष भरला. हा क्रम ध्यानी घ्यावा. आजचे धोरण तो उलटा मांडते: आधी गुंतवणूकदार तृप्त व्हावा, मग खाली काही झिरपेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कापडापेक्षा जमीन मोलाची ठरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले: एक महापालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडास घरांसाठी, एक मालकास. २००१ साली नियम बदलला. वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीचे आवार तर खात्यांनी व गोदामांनी व्यापलेले; तेव्हा जनतेच्या वाट्यास किती येणार? २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरविला. तेथे उठलेल्या मनोऱ्यांचे बांधकाम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जाते. कामगाराची गेलेली नोकरी कोणत्या रकान्यात मांडावी?

अर्थात ‘सामान्य जन’ हा शब्दही आम्ही जपून वापरतो. याच गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांस प्रवेश नव्हता, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. ही बंदी सवर्ण कामगारांनीच पाळली होती. १९२८ च्या संपकाळात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला.

१९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली. परंतु मालकी राज्याची असली म्हणजे हेतूही जनतेचा असतो, असे नव्हे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ सरकारीच. तरी २००५ साली त्याने मुंबई टेक्सटाइल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांस खासगी विकासकास विकली.

चैत्यभूमीलगतची इंदू मिल त्याच महामंडळाची. तिची सुमारे १२ एकर जमीन मात्र बाजारात गेली नाही. आंबेडकरी जनतेने ती स्मारकासाठी मागितली, २०१२ साली केंद्राने ती देण्याचे मान्य केले आणि २०१५ साली भूमिपूजन झाले. गिरणी कामगारांची घरांची मागणी मात्र अद्याप पुरी झालेली नाही.