ऊसवाहतुकीतील डिझेलचा खरा हिशेब

गळिताचा हंगाम तोंडावर आला म्हणजे ऊसवाहतुकीचे करार होऊ लागतात. "आमचा ट्रॅक्टर लिटरला पाच किलोमीटर जातो," असे सांगणारे शेतकरी बंधू पुष्कळ भेटतात. ते खोटे बोलतात असे नव्हे. पण तो आकडा रिकाम्या ट्रॉल्यांचा असतो.

आमच्या पुतण्याने गतवर्षी याच आकड्यावर दर ठरविला व महिनाभरात त्यास पदरचे घालावे लागले. आमचे आयुष्य जमाबंदीच्या हिशेबात गेलेले. तेव्हा टाकी काठोकाठ भरवून आम्ही स्वतः शेतापासून काट्यापर्यंत २२ किलोमीटर सोबत गेलो. काट्यानजीकच्या पंपावर पुन्हा टाकी भरली, तो १० लिटर डिझेल मावले! म्हणजे लिटरला २.२ किलोमीटर. रिकामे परतताना ४ लिटर लागले, म्हणजे साडेपाच. या दोन आकड्यांची सरासरी काढून ३.८५ धरणे हीदेखील चूकच. ४४ किलोमीटरला १४ लिटर, म्हणजे ३.१, हाच खरा हिशेब. गव्हाणीपुढे खोळंबून इंजिन चालू ठेविल्यास तोही घटतो.

चढाचा खर्च निराळा. एकंदर दहा टन भार १०० मीटर उंच नेण्यास सुमारे एक लिटर डिझेल जादा जळते, व उतारावर ते सगळे परत मिळत नाही. म्हणून अकोल्याच्या डोंगराळ रस्त्यास कोपरगावच्या सपाटीचा दर लावू नये.

पुतण्याने यंदा दर वाढवून मागितला आहे. बोलणे अद्याप चालू आहे.