सूप, कणगी आणि जातं

सकाळी साडेआठला पौडमधल्या दुकानाचं शटर वर करते. जुलैत ताम्हिणीकडची ओल रात्रीतून आत शिरलेली असते, म्हणून आधी कोरडं फडकं फिरवायचं, मग दुरुस्तीला आलेले डबे उघडायचे. या डब्यालाच सगळे ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत पंख्याखाली दडलेला चौकोनी तुकडा असतो, आणि तो सहसा बिघडत नाही. बिघाड नेमका कुठे होता, हे गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय मी स्क्रू आवळत नाही. कॉलेजात असताना शहरातल्या एका दुकानदाराने माझ्याकडून नव्या मदरबोर्डचे, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीचे, पैसे घेतले होते. पुढे स्वतः हे काम शिकले तेव्हा कळलं, तो बिघाड बहुधा रॅमच्या पट्टीवर चढलेल्या मळाचा होता.

नऊ वाजता एका गुरुजींचा नेमका तसाच डबा येतो. पडदा काळा, आतून बीप बीप. गुरुजींच्या समोरच रॅमची पट्टी काढते, तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासते, परत बसवते. मशीन चालू.

“एवढंच?”

“एवढंच, गुरुजी.”

साडेदहाला तहसील कचेरीसमोर रांग लागते. सेवा केंद्र चालवणारे दादा घाईने येतात: एकही सरकारी साइट उघडत नाही, विंडोज नवीन टाकून द्या. विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टीम, सगळ्या मशीनचा कारभार बघणारं सॉफ्टवेअर. ती पुसून नवी टाकायची तर अर्धा दिवस जाणार. मी आधी कोपऱ्यातली तारीख बघते. कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. ती संपली. प्रत्येक साइटच्या ओळखपत्राला एसटीच्या पाससारखी मुदत असते. ब्राउझर ती आपल्या घड्याळाशी ताडून बघतो, आणि घड्याळच चुकलं तर खरा पासही नाकारतो. बॅटरी बदलली, तारीख लावली, दादा पळाले.

बाराच्या सुमाराला मुळशी धरणाकाठच्या एक आजी नातीला घेऊन आल्या. “ताई, पाचशे बारा जीबी रॅम आहे, तरी लॅपटॉप रडतो,” नात म्हणाली. ही गल्लत मी रोज ऐकते. पाचशे बारा ही डिस्क. रॅम होती चार. टास्क मॅनेजर उघडला, तर मेमरी ब्याण्णव टक्के भरलेली. आजींना विचारलं, “दळताना धान्य कुठनं घ्यायचा?”

“कणगीतनं सुपात, सुपातनं जात्यात.”

“डिस्क म्हणजे कणगी, रॅम म्हणजे सूप, प्रोसेसर म्हणजे जातं. कणगी कितीही मोठी असू दे, सूप लहान असलं की जातं थांबतं.”

तेवढ्यात वीज गेली. आजी लगेच म्हणाल्या, “मग आता सूप सांडलं?” लॅपटॉपचं नाही, त्याला बॅटरी असते; पण टेबलावरच्या कॉम्प्युटरचं अगदी तेच. रॅममधलं सगळं जातं, कणगीतलं राहतं. सेव्ह करायचं म्हणजे सुपातलं कणगीत ओतायचं. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांसह या खोऱ्याने सत्याग्रह केला, त्याच्या पाण्यावर भिऱ्याला वीज होते. काठच्या घरांत मात्र पावसाळ्यात ती तासन्‌तास नसते, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून इथे टेबलावरच्या कॉम्प्युटरला यूपीएस ही चैन नव्हे. तो तासभर चालत नाही. काम सेव्ह करण्यापुरती दहा मिनिटं देतो.

तीन वाजता एका ग्रामपंचायतीचे जुने ठराव आले. उघडले, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाइल शाबूत होती, फक्त फॉन्ट नव्हता. मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारं युनिकोड रुळण्याआधी पुण्याच्याच सी-डॅकच्या ‘सुरेख’, ‘योगेश’ अशा फॉन्टमध्ये कचेऱ्यांचं टायपिंग चाले. त्यांत इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी वळण बसवलेलं असे. फॉन्ट काढला की वळण जातं, क्रमांक उरतो. हा प्रकार ‘व्हायरस’ नव्हे, हे सांगितल्यावर ग्रामसेवक भाऊसाहेबांचा जीव भांड्यात पडला. वीस वर्षांचे ठराव ते पुसून टाकायला निघाले होते. संध्याकाळपर्यंत मी कन्व्हर्टरने युनिकोड करून जोडाक्षरं एकेक तपासत बसले.

सातला शटर ओढताना फोन वाजला. आजी होत्या.

“सूप मोठं घातलंस का गं?”

“उद्या पुण्याहून येतंय, आजी.”