भूत खोटे, भीती खरी

मुलगा रात्री एकटा न्हाणीघरापर्यंत जायला तयार नसतो. दिवा मालवला की रडतो. अम्मीने खोदून विचारल्यावर कळते, की चुलतभावाच्या मोबाईलवर त्याने भुताच्या घराचा शोध घेणारा एक कार्यक्रम पाहिला आहे. हल्ली असे प्रसंग पुष्कळ घरांत घडतात. अशा वेळी आपण काय करतो? एक तर "भूतबित काही नसते, झोप गुपचूप" म्हणून मुलाला गप्प करतो, नाही तर सकाळी उठून ताईत आणायला निघतो. दोन्हींत मुलाचा खरा प्रश्न तसाच राहतो. तो म्हणत असतो, "पण ते तर खरेखुरे दाखवत होते ना?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. ती इंग्लंडमधली आहे आणि तीस वर्षांहून अधिक जुनी आहे. पण ज्यांच्या घरात टीव्ही किंवा मोबाईल आहे, अशा प्रत्येक आईबापाने ती जाणून घ्यावी, असे आम्हाला वाटते.

31 ऑक्टोबर हा दिवस पाश्चात्त्य देशांत हॅलोविन म्हणून साजरा होतो. ख्रिस्ती संतांच्या स्मरणदिनाची ही पूर्वसंध्या. या रात्री मुले भुताखेतांचे वेष करून दारोदार खाऊ मागतात आणि वाहिन्यांवर भीतीचे कार्यक्रम लागतात. 1992 साली हा दिवस शनिवारी आला होता. त्या रात्री बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवर 'घोस्टवॉच' नावाचा कार्यक्रम लागला. लंडनच्या पश्चिमेकडील नॉर्थोल्ट भागातल्या एका साध्या घरात भूत आहे म्हणतात, तर आज रात्री आपण कॅमेरे घेऊन तिथे जाऊ आणि सारे थेट दाखवू, असा त्याचा थाट होता.

स्टुडिओत बसले होते मायकेल पार्किन्सन. मोठमोठ्या लोकांच्या मुलाखती घेणारा हा गृहस्थ ब्रिटनच्या घराघरांत ओळखीचा होता. दूरध्वनींच्या टेबलाशी माइक स्मिथ होते आणि त्यांची खरोखरची पत्नी सारा ग्रीन त्या घरात गेली होती. सारा ग्रीन म्हणजे मुलांच्या कार्यक्रमांतली आवडती ताई. 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात तिने काम केले होते. त्या घरात एक आई आणि तिच्या दोन मुली राहतात, असे दाखवले होते. भिंतीतून ठोकल्याचे आवाज येत. आईने मुलींची समजूत काढली होती, की हे पाण्याच्या पाइपांचे आवाज आहेत. म्हणून मुलींनी त्या भुताचेच नाव 'पाइप्स' ठेवले.

आता खरी गोष्ट सांगायची तर यातले काहीच थेट नव्हते. स्टीफन व्होल्क यांनी लिहिलेले आणि लेस्ली मॅनिंग यांनी दिग्दर्शित केलेले ते एक नाटक होते. सारे आधीच चित्रित झालेले होते. आई आणि मुली नट होत्या. स्टुडिओतली शास्त्रज्ञ बाईसुद्धा नटीच होती. सुरुवातीला लेखकाचे नाव पडद्यावर येऊन गेले होते आणि कार्यक्रम नाटकांच्या मालिकेत लावला होता. पण निवेदक मात्र खरे होते, स्वतःच्याच नावाने बोलत होते. पडद्यावर दिलेला दूरध्वनी क्रमांकही बीबीसीचा खराच होता. ज्यांचा फोन लागला त्यांना, हे काल्पनिक आहे, असे सांगितले जात होते. पण फोन इतके आले, की अनेकांना नुसता 'व्यस्त' असा सूर ऐकू आला. घरी बसलेल्या माणसाला वाटले, सारा देश घाबरून फोन करतो आहे.

नाटक रचणाऱ्यांची एक युक्ती फार विचार करण्यासारखी आहे. कार्यक्रमाच्या मध्यावर थोरली मुलगीच भिंत ठोकताना पकडली जाते. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतात, की चला, लबाडी उघड झाली. पार्किन्सनही संशयाने बोलतात. आणि एवढा विश्वास बसल्यावर खरे भयनाट्य सुरू होते. सारा ग्रीन जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत ओढली जाते, स्टुडिओतले दिवे जातात आणि शेवटी पार्किन्सन भुताने झपाटल्यासारखे पुटपुटत राहतात. छोटी लबाडी पकडून दाखवली, की मोठी लबाडी आपोआप खपते. आपल्याकडचे भोंदू बाबाही हेच करतात. "बाजारात सगळे ठग बसलेत, ताई, त्यांच्या नादी लागू नका" हे वाक्य तेच सर्वांत आधी बोलतात.

त्या रात्री सुमारे 1 कोटी 10 लाख लोकांनी हा कार्यक्रम पाहिला. हजारो लोकांनी फोन केले. सारा ग्रीन सुखरूप आहे, हे मुलांना पटावे म्हणून तिला नंतर मुलांच्या कार्यक्रमात येऊन सांगावे लागले.

पण प्रकरण तेवढ्यावर मिटले नाही. 1994 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात कॉव्हेंट्रीच्या डॉक्टरांनी दहा-दहा वर्षांच्या दोन मुलांची हकीकत लिहिली. हा कार्यक्रम पाहिल्यापासून त्यांना झोप लागत नव्हती, वाईट स्वप्ने पडत होती, एकटे राहवत नव्हते. युद्ध किंवा अपघातातून वाचलेल्या माणसांच्या मनावर जो आघात राहतो, तशा स्वरूपाचा हा त्रास आहे आणि तो एका टीव्ही कार्यक्रमामुळे झाला आहे, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. आणखी एक गोष्ट याहून दुःखाची. कार्यक्रमानंतर काही दिवसांनी एका अठरा वर्षांच्या, समजेने लहान असलेल्या मुलाने आपला जीव गमावला. या कार्यक्रमाने त्याच्या मनाचा ताबा घेतला होता, असे त्याच्या आईवडिलांचे म्हणणे होते. त्यांनी दाद मागितली. प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने 1995 साली ठपका ठेवला, की निर्मात्यांनी जाणूनबुजून भीतीचे वातावरण उभे केले आणि हे नाटक आहे, याची पुरेशी जाणीव प्रेक्षकांना करून दिली नाही. त्यानंतर बीबीसीने तो कार्यक्रम आपल्या वाहिनीवर पुन्हा लावला नाही.

असे वाटेल, की यावरून सगळे शहाणे झाले असतील. झाले उलटेच. दहा वर्षांनी, 2002 मध्ये, ब्रिटनमध्येच 'मोस्ट हॉन्टेड' ही मालिका सुरू झाली. जुने वाडे, तुरुंग, सराया यांत रात्रभर कॅमेरे लावून भुते शोधायची आणि हॅलोविनच्या सुमारास तर थेट प्रक्षेपण करायचे. तिची सूत्रधार यवेट फील्डिंग हीसुद्धा 'ब्लू पीटर' मधूनच आलेली, म्हणजे पुन्हा मुलांचा ओळखीचा चेहरा. या मालिकेत डेरेक अकोरा नावाचा एक गृहस्थ मृतात्मे आपल्याशी बोलतात असे सांगत असे. मालिकेतल्याच एका मानसशास्त्रज्ञाला, किअरन ओ'कीफ यांना, शंका आली. कॉर्नवॉलमधल्या बॉडमिन तुरुंगात जाण्याआधी त्यांनी 'क्रीड केफर' नावाचा एक तुरुंगाधिकारी मनानेच रचला आणि हे नाव अकोरा यांच्या कानावर जाईल अशी व्यवस्था केली. ओ'कीफ यांच्या सांगण्यानुसार, कॅमेरा सुरू झाल्यावर त्या कधीच न जन्मलेल्या माणसाचा आत्मा बोलू लागला! त्या नावाची इंग्रजी अक्षरे उलटसुलट केली तर 'डेरेक फेकर', म्हणजे 'ढोंगी डेरेक', असे होते. अकोरा यांनी लबाडीचा आरोप नाकारला. प्रेक्षकांच्या तक्रारी ऑफकॉम या सरकारमान्य नियामक संस्थेकडे गेल्या, तेव्हा 2005 साली संस्थेने निर्णय दिला, की ही मालिका म्हणजे मनोरंजन आहे, खरा तपास नव्हे. त्यामुळे प्रेक्षकांची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही.

वाचकहो, हा निर्णय पुन्हा एकदा वाचावा. जे पाहून मुले रात्रभर जागतात, ते कायद्याच्या नजरेत निव्वळ करमणूक आहे. तेव्हा मुलाला वाचवण्याचे काम कायदा करणार नाही, वाहिनीही करणार नाही. ते काम घरालाच करावे लागेल.

आता मुद्दा आपल्या दीनचा. कुणी म्हणेल, आम्ही मुसलमान तर जिन्नांवर विश्वास ठेवतो, मग हे सारे खोटे कसे म्हणावे? जिन्न ही अल्लाहची मखलूक आहे, हे कुरआनने सांगितले आहे आणि त्यावर आपला ईमान आहे. पण त्याच कुरआनने सूरह सबामध्ये हजरत सुलैमान (अ.) यांच्या वफातीची हकीकतही सांगितली आहे. जिन्न त्यांच्या हुकमाखाली कष्टाची कामे करत होते. सुलैमान (अ.) काठीला टेकलेल्या अवस्थेतच अल्लाहला प्यारे झाले आणि जिन्न मात्र ते हयात आहेत असे समजून राबत राहिले. वाळवीने काठी पोखरली, देह खाली आला, तेव्हा त्यांना कळले. ज्यांना समोरच्या माणसाचा मृत्यू समजला नाही, त्यांना गैबचे ज्ञान नाही, हे अल्लाहने या प्रसंगातून स्पष्ट केले. मग ते एखाद्या निवेदकाच्या हाका ऐकून, जाहिरातींच्या वेळा सांभाळून, कॅमेऱ्यासमोर हजेरी लावतील, हे कसे मानावे? आणि मृतांचे म्हणाल तर त्यांचा मुक्काम बरजखमध्ये असतो. रिकाम्या वाड्यात दारे आपटणे हे त्यांचे काम नव्हे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लहानगे साहेबजादे इब्राहीम (र.) यांचे निधन झाले, त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक बोलू लागले, की बाळाच्या दुःखाने सूर्य काळवंडला. प्रेषितांनी (स.) ही गोष्ट तिथेच खोडून काढली आणि सांगितले, की कुणाच्या जन्ममृत्यूमुळे ग्रहण लागत नाही. स्वतःच्या घरात मय्यत झालेली असतानाही त्यांनी लोकांच्या मनात भ्रम राहू दिला नाही. ही आपली शिकवण आहे. सूरह हुजुरातमध्येही, भरवसा नसलेल्याने आणलेल्या खबरीची आधी शहानिशा करण्याचा हुकूम आहे.

शहानिशा कशी करावी, याचेही एक चांगले उदाहरण इंग्लंडमध्येच सापडते. तिथे विक टँडी नावाचे एक अभियंते प्रयोगशाळेत काम करत. एका रात्री त्यांना उगाच थंडी भरली, घाम फुटला, डोळ्यांच्या कडेला करडी आकृती हलल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांना दिसले, की चिमट्यात धरलेले तलवारबाजीचे पाते आपोआप थरथरते आहे. ते पळाले नाहीत, शोधत बसले. कारण निघाले नव्याने बसवलेल्या पंख्याचे. त्याच्यामुळे कानाला ऐकू न येणारी, सेकंदाला सुमारे 19 कंपनांची लहर खोलीत घुमत होती. पंख्यात दुरुस्ती केली आणि ती भीतीची भावना नाहीशी झाली. 1998 साली त्यांनी हे सारे लिहून प्रसिद्ध केले. प्रत्येक भुताटकीच्या मागे पंखाच असतो असे नाही. पण आधी पंखा पाहावा, पाइप पाहावा, खिडकीची सैल कडी पाहावी. टीव्हीवरचे भूतशोधक हातात जे मोजयंत्र नाचवतात, तेही विजेच्या तारेजवळ नेले तरी काटा हलवते.

आणखी एक गोष्ट. एका सफरीत सहाबांपैकी एकजण झोपले होते. कुणीतरी गंमत म्हणून त्यांची वस्तू काढून घेतली. ते दचकून उठले आणि बाकीचे हसले. तेव्हा प्रेषितांनी (स.) समज दिली, की मुसलमानाने दुसऱ्या मुसलमानाला घाबरवणे योग्य नाही. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात ही हकीकत आहे. अंधारात लपून धाकट्या बहिणीला "भ्भो" करणारे आपले चिरंजीव आणि लाखो मुलांची झोप उडवणारी वाहिनी, दोघांनाही हा धडा लागू पडतो. "झोप, नाही तर बुवा येईल" म्हणणाऱ्या आपल्यालाही तो लागू पडतो.

मग घरी करावे काय? मोबाईल हिसकावून घेतला तर मूल तोच कार्यक्रम शेजारी जाऊन पाहील. त्यापेक्षा दिवसाउजेडी त्याच्याजवळ बसावे. कॅमेरा कुणी धरला असेल, अंधार मुद्दाम का केला असेल, संगीत नेमके कधी वाढते, हे त्यालाच विचारावे. मुले फार लवकर ओळखतात. हे नाटक आहे, हे स्वच्छ शब्दांत सांगावे. मात्र त्याच्या भीतीला हसू नये. दृश्य खोटे असले तरी त्याची छाती धडधडते, ते खरे आहे. काही रात्री सोबत झोपावे. आयतुल कुर्सी, फलक आणि नास त्याच्याबरोबर म्हणावे आणि त्यांचा अर्थ सांगावा, की आपण सर्वांत मोठ्या रक्षणकर्त्याच्या आश्रयाला जात आहोत. ताईतवाल्याकडे नेले तर मूल एवढेच शिकते, की भूत खरे आहे. त्रास आठवडे उलटूनही कमी झाला नाही, मूल खाणेपिणे, शाळा टाळू लागले, तर डॉक्टरांकडे जावे. त्यात कमीपणा काही नाही. आजारावर इलाज करणे हीही सुन्नतच आहे.

त्या 1992 च्या रात्री ब्रिटनमधल्या कित्येक घरांत मुले मोठ्यांच्या शेजारीच बसली होती. पण मोठ्यांनाच ठाऊक नव्हते, की हे नाटक आहे. म्हणून मुलांना सावध करण्याआधी आपण स्वतः डोळे उघडे ठेवून पाहायला शिकले पाहिजे. मूल रात्री पडद्याकडे पाहत नसते, पाहता पाहता ते आपल्या चेहऱ्याकडे पाहत असते. अम्मी घाबरली नाही, हे दिसले, की त्यालाही झोप लागते. अल्लाह आपल्या घरांना भ्रमापासून आणि भीतीपासून अमान देवो. आमीन.