निरोगी पानांतील बुरशी व तिची ओळख

बुरशी म्हटली की तांबेरा, काणी, भुरी हे रोग आपणां शेतकऱ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु पान हिरवेगार, ताट जोमदार, आणि तरीही त्याच्या अंतरंगात बुरशी कायमची वस्ती करून आहे, असेही घडते. अशा एका बुरशीची हकीकत विचार करण्याजोगी आहे.

अमेरिकेतील केंटकी संस्थानात एका डोंगरउतारावर १९३१ साली टॉल फेस्क्यू गवताचा एक चिवट वाण आढळला. १९४३ साली ‘केंटकी ३१’ या नावाने त्याचा प्रसार सुरू झाला. अवर्षण व चराई सोसणारे हे गवत लक्षावधी एकरांवर पसरले. मात्र त्यावर चरणारी गुरे उन्हाळ्यात तापत, धापा टाकीत, दूध आटवीत. थंडीत काहींचे खूर व शेपटीचे टोक सडून जाई. गवतावर डाग म्हणून दिसत नसे.

जॉर्जिया संस्थानात चार्ल्स बेकन व त्यांचे सहकारी यांनी बाधा करणाऱ्या व न करणाऱ्या कुरणांतील गवत ताडून पाहिले. पहिल्यात पेशींच्या मधल्या जागेत बुरशीचे तंतू भरलेले, तर दुसऱ्यात ते विरळ आढळले. हा शोध १९७७ साली प्रसिद्ध झाला.

आता ही बुरशी कोणती? गवताचे फुलोरे कोंडणारी ‘एपिक्लो टायफिना’ पूर्वीपासून ठाऊक होती. प्रथम तीच ही, असा समज झाला. परंतु ती बुरशी ताटावर पांढरे वेष्टन धरते. ही कधीच बाहेर येत नाही, केवळ बियाण्यातून पुढील पिढीत जाते. शिवाय कृत्रिम खाद्यावर ती अतिशय सावकाश वाढते आणि तिच्या बीजाणूंची घडणही निराळी. या भेदांवरून मॉर्गन-जोन्स व गाम्स यांनी १९८२ साली तिला नवीन जाती ठरविले. पुढे आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेत ती तीन पूर्वजांच्या संकरातून उपजल्याचे दिसले. २०१४ पासून तिचे नाव ‘एपिक्लो सीनोफियाला’ असे आहे. आपल्या बाजरीवरील अरगटाची बुरशी हिच्याच कुळातील होय. फरक इतकाच, की अरगट कणसावर उघड दिसतो.

ओळख पटताच उपाय सोपा वाटला. बियाणे वर्षभर किंवा अधिक काळ साध्या हवेत साठविले, की बुरशी मरते व उगवणशक्ती मात्र बरीच टिकते. अशा निर्बुरशी बियाण्याची कुरणे लावली गेली. गुरे सुधारली, पण गवत अवर्षणात व चराईत टिकेना! जी बुरशी गुरांना विष देत होती, तीच गवताचे रक्षणही करीत होती. अखेर गुरांना अपायकारक विष न करणारे त्याच बुरशीचे वाण निवडून ते गवतात घातले गेले. तेव्हा दोन्ही कार्ये साधली.

ही परीक्षा फारशी अवघड नाही. पानाच्या आवरणाची आतील पातळ साल सोलून, निळ्या रंगद्रव्यात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की पेशींच्या लगत नागमोडी, क्वचितच फाटे फुटलेले तंतू दिसतात.

यावरून घ्यावयाचा बोध असा, की वैरणीने जनावरास बाधा झाली व ताटावर रोग दिसला नाही, तरी वैरण निर्दोष समजू नये. बाधक व अबाधक अशा दोन्ही शेतांतील नमुने, बियाण्याच्या माहितीसह, तज्ज्ञांकडे द्यावेत. दोहोंच्या तुलनेतूनच हा शोध लागला, हे विसरू नये.