दोष रक्ताचा की हाडाचा?

रविवारच्या मटणात नळी कुणाच्या ताटात पडणार यावरून आमच्या घरी दर आठवड्याला वाद व्हायचा. ज्याला मिळायची तो ती ताटाच्या काठावर ठकठक आपटायचा, तोंडाला लावून ओढायचा आणि आतला मऊ, तुपकट ऐवज जिभेवर आला की रिकामं हाड बाजूला टाकायचा. हाड म्हणजे नुसतं वेष्टण, खरा माल आत. वैद्यकशास्त्रही बराच काळ जवळपास याच समजुतीत होतं.

रक्त हाडांच्या आत तयार होतं हेच मुळी १८६८ साली कळलं. क्योनिग्जबर्गच्या एर्न्स्ट नॉयमन यांनी माणसांच्या आणि सशांच्या हाडांतला मगज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात अर्ध्या कच्च्या लाल पेशी दिसल्या, अजून केंद्रक न टाकलेल्या. त्याच सुमारास इटलीत बिझोझेरो यांनाही तेच आढळलं. आज आपल्याला माहीत आहे की प्रौढ माणसाची मज्जा दिवसाला सुमारे २०,००० कोटी लाल पेशी घडवते, म्हणजे सेकंदाला वीस लाखांच्या वर. एवढा मोठा कारखाना सापडल्यावर इमारतीच्या भिंतीकडे कोण बघतो?

भिंतीत मात्र गवंडी काम करत असतात. त्यांना ऑस्टिओब्लास्ट म्हणतात. हाडाच्या आतल्या पृष्ठभागावर या पेशी ओळीनं बसतात, आधी प्रथिनाचा थर अंथरतात, मग त्यात कॅल्शियमचे क्षार भरले जातात. काम संपलं की त्यांतल्या काही मरतात, काही नुसत्या भिंतीला चिकटून पडून राहतात, आणि काही स्वतः रचलेल्या भिंतीतच चिणल्या जाऊन पुढं कित्येक वर्षं तिथं जिवंत राहतात. दुसऱ्या बाजूनं हाड विरघळवणाऱ्या पेशी जुनं बांधकाम पाडत असतात. दर वर्षी सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा असा नवा होतो. शाळेतल्या प्रयोगशाळेत खुंटीला टांगलेल्या सापळ्यावरून यातलं काहीच कळत नाही.

या गवंड्यांचा रक्ताशी काही संबंध असेल ही शंका यायला एक कोनाडा लागला. १९७८ साली मँचेस्टरच्या रेमंड स्कोफिल्ड यांनी एक तर्क मांडला. रक्ताची मूळपेशी, म्हणजे जिच्यापासून सगळं रक्त जन्मतं ती स्टेम सेल, केवळ स्वतःच्या गुणानं मूळपेशी राहत नाही. ती एका विशिष्ट जागी, विशिष्ट शेजाऱ्यांत बसलेली असते म्हणून तशी राहते. तिथून उठली की तिचं मूळपण ओसरतं. या जागेला त्यांनी इंग्रजीत जो शब्द वापरला, त्याचा आपल्याकडचा अर्थ कोनाडाच. जुन्या वाड्याच्या भिंतीत पणती ठेवायला असायचा तो.

कोनाडा भिंतीत असतो, मग तो गवंड्यानंच केला असणार का? २००३ साली दोन प्रयोगशाळांनी उंदरांमध्ये हे तपासलं. ऑस्टिओब्लास्टची संख्या वाढली की मूळपेशीही वाढत होत्या. पुढच्याच वर्षी उलटा प्रयोग झाला. एका औषधानं उंदरांचे ऑस्टिओब्लास्ट नाहीसे केले, तर मज्जा हळूहळू ओस पडली आणि रक्त घडवायचं काम प्लीहा आणि यकृतात सुरू झालं. औषध थांबवलं, गवंडी परतले, त्यांच्या मागोमाग रक्तही हाडात परतलं. हा प्रयोग मला फार आवडतो. त्यात एखाद्या उठलेल्या आणि पुन्हा वसलेल्या गावाची गोष्ट आहे.

खरा धक्का २०१० साली बसला. बोस्टनमध्ये मार्क राइमेकर्स, डेव्हिड स्कॅडेन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या हाड घडवणाऱ्या तरुण पेशींतून डायसर नावाचं एकच जनुक काढून टाकलं. रक्ताच्या पेशींना हातही लावला नाही. तरीही बिघडलं ते रक्त. पांढऱ्या पेशी घटल्या, पेशींचे आकार वेडेवाकडे झाले, म्हणजे माणसांत ज्याला मायलोडिस्प्लाझिया म्हणतात तसंच चित्र उभं राहिलं. काही उंदरांना तर ल्युकेमिया झाला. आणि त्या कर्करोगी पेशी तपासल्या तर त्यांच्यातलं डायसर शाबूत! ज्या पेशीत दोष पेरला ती एक, आणि ज्या पेशीला रोग जडला ती दुसरी.

मग अदलाबदल केली. आजारी उंदराची मज्जा निरोगी उंदरात घातली, तर रक्त सुधारलं. निरोगी मज्जा आजारी उंदराच्या हाडांत घातली, तर ती बिघडली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे आपण गोठ्यापुरतं म्हणत होतो. आणखी एक बारकावा असा की हेच जनुक पोक्त, अनुभवी ऑस्टिओब्लास्टमधून काढलं तेव्हा रोग झाला नाही. नादी लावत होते ते शिकाऊ गवंडी.

आता इथंच थांबलं तर गोष्ट फार सोपी होईल, आणि शरीरातल्या गोष्टी सोप्या असल्या की मला संशय येतो. मूळपेशी नेमक्या कुठं बसतात हे शोधताना २००५ साली दिसलं की बऱ्याच जणी हाडाला नव्हे, मज्जेतल्या रक्तवाहिन्यांना खेटून असतात. म्हणजे कोनाडे एकाहून अधिक, आणि ते सांभाळणारे हातही अनेक. उपचारांतही गोष्ट सोपी ठरली नाही. ऑस्टिओब्लास्टना चेतवणारं पॅराथायरॉइड संप्रेरक देऊन मज्जारोपणानंतर उंदरांचा जीव वाचवता आला होता. माणसांत नाळेच्या रक्ताच्या रोपणानंतर ते देऊन पाहिलं, तर तसा फायदा पदरात पडला नाही.

शिवाय भांडण एकतर्फी नाही. मायलोमा या मज्जेच्या कर्करोगात उलटा प्रकार चालतो. तिथं रोगी पेशी डीकेके-१ नावाचं प्रथिन सोडतात आणि गवंड्यांना काम करू देत नाहीत. पाडणारे मोकाट, बांधणारे गप्प. एक्स-रेमध्ये कवटी पोखरल्यासारखी दिसते. गंमत म्हणजे, गंमत म्हणवत नाही पण, हाडांच्या स्कॅनमध्ये तीच भोकं बरेचदा दिसतही नाहीत. तो स्कॅन जिथं नवं हाड बांधलं जातंय तिथं उजळतो, आणि इथं तर कुणी वीटही उचलत नसतं.

मज्जारोपणात आपण बी बदलतो, जमीन रुग्णाचीच राहते. फार क्वचित असंही होतं की भावाबहिणीच्या निरोगी पेशी दिल्या आणि काही काळानं त्याच पेशींतून रुग्णाला नव्यानं ल्युकेमिया झाला. त्यामागे बरीच कारणं असू शकतात. जमिनीवरही संशय घेतला जातो.

माणसाच्या जमिनीचा नमुना घ्यायची रीत मात्र जुनीच आहे. बोन मॅरोच्या तपासणीत कमरेच्या हाडात सुई घालून आधी सिरिंजनं पातळ मज्जा ओढतात. त्यात रक्तपेशी भरपूर येतात, भिंतीवरचे ऑस्टिओब्लास्ट क्वचितच. मग जाड सुईनं हाडाचाच एक दांडका काढतात, उदबत्तीच्या तुकड्याएवढा. तो आम्लात भिजवून मऊ करतात, पातळ काप घेतात. काचेवर मध्ये पेशींची गर्दी आणि तिच्यात हाडाच्या गुलाबी पट्ट्या दिसतात. नजर साहजिकच गर्दीकडे जाते.

न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्टाव्रुला कुस्तेनी यांच्या गटानं पट्ट्यांच्या कडेकडे पाहिलं. त्यांनी उंदरांच्या ऑस्टिओब्लास्टमध्ये बीटा-कॅटेनिन हे प्रथिन कायमचं चालू ठेवलं होतं. ते केंद्रकात शिरलं की पेशीच्या अंगावर जॅग्ड-१ नावाचा निरोप्या उगवत होता, आणि त्याचा स्पर्श झालेली शेजारची रक्तपेशी ल्युकेमियाकडे वळत होती. हा निरोप अडवला की रोग आटोक्यात येत होता. पण एकदा वळलेल्या पेशी निरोगी उंदरात घातल्या, तर आता त्या तिथंही ल्युकेमियाच करत होत्या. २०१० सारखी सुटका नव्हती.

मग त्यांनी मायलोडिस्प्लाझिया आणि ल्युकेमियाच्या १०७ रुग्णांचे दांडके तपासायला घेतले. ३८ टक्के रुग्णांत, हाडाच्या कडेला ओळीनं बसलेल्या त्या पेशींच्या केंद्रकात, बीटा-कॅटेनिन जाऊन बसलेलं होतं.