'नाही' म्हणजे नेमकं काय नाही?

मंडळी, मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, संगणकाकडे वळलो ते निवृत्तीनंतर. इथे पोंभुर्ण्यात एका विद्यार्थ्याने मला विचारलं, "सर, बिल्ड स्क्रिप्ट तपासून म्हणते फाइल नाही. म्हणून ती लिंक बनवायला जाते, तर उत्तर येतं, फाइल आधीच आहे. खरं कोण बोलतंय?" दोघंही खरं बोलताहेत. कसं ते बघू.

सिम्बॉलिक लिंक म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी. लिहिताना त्या पत्त्यावर काही आहे का, हे यंत्रणा तपासत नाही. २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. सिरोंचा जागचं हललं नाही, पण 'सिरोंचा, जिल्हा चंद्रपूर' हा पत्ता जुना झाला. पोस्टमन सांभाळून घेतो हो. संगणक नाही घेत. मधल्या एका फोल्डरचं नाव बदललं की दुवा तुटला. आणि चिठ्ठीत 'शेजारचं घर' एवढंच असेल, तर शेजार मोजायचा तो चिठ्ठी ठेवलीय तिथून. लिहिणारा उभा होता तिथून नव्हे. इथे पुष्कळजण फसतात.

१९०५ साली बर्ट्रांड रसेलने एक कोडं मांडलं. फ्रान्सला राजाच नाही, मग 'फ्रान्सचा राजा टकला नाही' हे खरं की खोटं? त्याने दाखवलं, की त्या 'नाही'चे दोन अर्थ निघतात. राजा आहे पण टकला नाही, हा एक. टकला राजा असा कोणी नाहीच, हा दुसरा.

शेलमध्ये 'टेस्ट'ला 'ई' दिलं की ती चिठ्ठीवरच्या पत्त्यावर जाऊन बघते. कॅपिटल 'एल' दिलं की चिठ्ठीच बघते. तुटलेल्या दुव्याला पहिली 'नाही' म्हणते, दुसरी 'आहे'. स्क्रिप्टने पहिलीलाच विचारलं होतं, आणि लिंक बनवणारी 'एलएन' चिठ्ठीपाशी अडली.

मग लोक 'एलएन'ला 'एफ' जोडतात, म्हणजे जुनी चिठ्ठी फाडून नवी. बिल्डनेच बनवलेल्या फोल्डरात हे चालेल. मूळ कोडमध्ये मात्र आधी 'रीडलिंक'ने चिठ्ठी वाचा, आणि स्क्रिप्टला तिथेच थांबू द्या. 'चूक झाली तरी पुढे जा' असं लिहून ठेवणं मला अजिबात पटत नाही. बिल्ड हिरवं दिसतं, आत फाइल नसते, आणि ते कळतं थेट वापरणाऱ्याला. लिनक्सवर 'फाइंड'ला 'एक्सटाइप एल' सांगितलं की सगळे तुटलेले दुवे यादीने मिळतात. ही तपासणी बिल्डच्या सुरुवातीलाच ठेवा.

त्या विद्यार्थ्याच्या चिठ्ठीत जुन्या आवृत्तीच्या फोल्डरचं नाव निघालं. नवं फोल्डर शेजारीच होतं.